डाव्या हाताने तीनदा

जून लागला की समुद्रकाठच्या पोर्तुसार गावात सकाळी साडेनऊच्या सुमाराला पहिली घंटा व्हायची. पाहुण्यांच्या बसगाड्या नऊला बंदराशी येऊन लागायच्या आणि टेकडीवरच्या छोट्या चर्चपर्यंतच्या दोनशे चाळीस पायऱ्या चढायला सवय नसलेल्या माणसाला अर्धा तास लागायचा. घंटा झाली, की मधल्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर योशेपा खुर्चीतून उठायची. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई. एरवी तिला घास तोंडाशी न्यायचीही आठवण करून द्यावी लागायची, पण घंटा ऐकली की गुडघ्यांत कुठून बळ यायचं कोण जाणे. कपाटातून घोंगडी काढायची, मुलाचा निळा स्वेटर तिच्यात गुंडाळायचा, बोचकं काखेत मारायचं आणि जिना उतरायला लागायची.

"आमा, थांबा! चपला तरी घाला," शेशिली मागून धावायची.

"चपला कसल्या घालतेस! पोरं बाहेर आहेत. बहिरी झालीस का?"

शेशिली तिची सून. लग्न होऊन आल्यापासून ती सासूला आमा, म्हणजे आईच, म्हणत आली होती. आता तिचीही पासष्टी आली होती. ती सासूच्या पायांत चपला सरकवायची, दंडाला धरायची, आणि दोघी धक्क्यावर जाऊन उभ्या राहायच्या. बंदरात मासेमारीच्या तीनच होड्या उरल्या होत्या. बाकी सगळ्या पांढऱ्या, चकचकीत, हौशी लोकांच्या. आमा त्यांच्याकडे ढुंकून बघायची नाही. तिची नजर बंदराच्या तोंडाशी. दहा-पंधरा मिनिटं घंटा झाली नाही, की तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरायचा, आपण इथे कशाला आलो हेच तिला आठवेनासं व्हायचं, आणि शेशिली तिला घरी आणायची. जेमतेम खुर्चीत बसवावं, तर वर पुन्हा कोणीतरी दोरी ओढायचं. दिवसातून सात-आठदा असं व्हायचं. तिसऱ्या मजल्याचा जिना, सात-आठदा.

ती घंटा मुळात होड्यांसाठी होती. त्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात एखाद्या दुपारी दक्षिणेकडून गरम वारा येतो, समुद्र तेलासारखा निपचित पडलेला असतो, आणि मग वायव्येकडचं आभाळ काळं होऊन पाव तासात सगळी उलथापालथ करतं. त्याला तिथे गालेर्ना म्हणतात. गालेर्ना उठली किंवा धुकं दाटलं, की टेहळणीवरचा माणूस घंटा द्यायचा आणि होड्या त्या आवाजाच्या रोखाने घरी यायच्या. गंमत म्हणून कोणी ती वाजवायचं नाही. पोरांनी दोरीला नुसता हात लावला तरी कानाखाली बसायची. घंटा झाली की बायकांच्या हातातलं काम गळून पडायचं. कोरडे कपडे नि घोंगड्या घेऊन सगळ्या धक्क्यावर.

सत्त्याऐंशी सालच्या जूनमध्ये गालेर्ना उठली तेव्हा 'इसार्ने' नावाची होडी आठ माणसं घेऊन बाहेर होती. त्यांत शेशिलीचा नवरा बालेंदिन होता. टेहळणीवरच्या म्हाताऱ्याचे हात थकले तेव्हा योशेपाने दोरी आपल्या हातात घेतली. संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत ती वाजवत राहिली. तळव्यांची सालं निघाली, दोरी लाल झाली. शेवटी पाद्रीबाबांनी तिची बोटं एकेक करून सोडवली. पुढच्या आठवड्यात पाच प्रेतं सापडली. बालेंदिन सापडला नाही. शेशिली तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती आणि तिची मुलगी आइनिसे चार वर्षांची.

दोघी बायकांनी त्यानंतर एकत्र दिवस काढले. शेशिली धक्क्यावर बसून जाळी सांधायची, योशेपा माशांच्या कारखान्यात अँचोवी या बोटभर माशांचे काटे काढून डबे भरायची. फारसं बोलणं नसायचं, पण भांडणही नाही. रविवारी मासा-बटाट्याचा रस्सा व्हायचा आणि बालेंदिनच्या नावाने कोणी ताट वाढायचं नाही, की त्याचं नावही काढायचं नाही. एवढाच त्यांचा करार होता.

मग होड्या कमी झाल्या, कारखाना बंद पडला, जाळी सांधायचं काम वर्षातून दोन महिन्यांवर आलं. गावात पाहुणे यायला लागले होते. त्यांना गाव दाखवायला नगरपालिकेला माणूस हवा होता, आणि शेशिलीला गावाचा दगड न् दगड ठाऊक होता. नगरपालिकेच्या चिन्हावर देवमासा का आहे, चर्चच्या छतातून छोटं गलबत का टांगलंय, सोळाव्या शतकात इथली माणसं देवमाशामागे पार समुद्राच्या पलीकडे जाऊन हिवाळाभर कशी अडकून पडायची, सगळं. ती ते नीट, न सजवता सांगायची. आठ वर्षं तिने एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

आणि मग एका मार्चमध्ये ती एक गोष्ट खोटी बोलली.

पावसाचा दिवस होता. निवृत्त मंडळींची एक बस आली होती. सगळे धापा टाकत वर पोचले तर चर्चला कुलूप. किल्लीवाला गावाला गेलेला. धुक्यामुळे समुद्रही दिसत नव्हता. एक जाड बाई भिजलेल्या दगडावर टेकली आणि म्हणाली, "एवढ्या पायऱ्या चढून हेच बघायचं होतं का? बंद दार?" बाकीचे हसले. शेशिलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्याच घरी पाहुण्याला पाणीसुद्धा देता येऊ नये तसं. तिची नजर दाराबाहेर टांगलेल्या घंटेकडे गेली आणि तोंडातून निघून गेलं, "ही घंटा आहे ना, ती तीनदा वाजवली की मनातली इच्छा पुरी होते. खलाशांच्या बायका वाजवायच्या."

"खरं सांगता? कशी वाजवायची?"

"अशी. डाव्या हाताने." उजव्या हातात छत्री होती, म्हणून डाव्या.

ते सगळे रांगेत उभे राहिले. एकेकाने वाजवली. उतरताना ती जाड बाई शेशिलीच्या गालाचा मुका घेऊन म्हणाली, "बाई गं, किती बरं वाटलं!" त्या वेळी आमा धडधाकट होती. घंटा ऐकून ती धक्क्यावर धावली होती. शेशिली खाली आली तेव्हा ती दाराशी उभी होती. "कोण बाहेर आहे?" तिने विचारलं. शेशिली म्हणाली, "कोणी नाही, आमा. पाहुण्यांनी वाजवली." आमा काखेतली घोंगडी तशीच घेऊन आत निघून गेली.

पुढचं सगळं आपोआप झालं. त्या मंडळींनी घरी जाऊन सांगितलं. पुढच्या बसने येतानाच विचारलं, "ती इच्छेची घंटा कुठाय?" नाही म्हणायची शेशिलीला लाज वाटली. मग टीव्हीवाले आले. मग पायथ्याशी तीन भाषांत पाटी लागली. पायऱ्यांच्या आजूबाजूला चार खाणावळी निघाल्या, आणि शेजारच्या कोंचीने वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. दहा वर्षांत पोर्तुसार म्हणजे ती घंटा, असं झालं. शेशिलीने गाव दाखवण्याचं काम केव्हाच सोडलं होतं, कारण त्याच सुमाराला आमा विसरायला लागली. आधी चुलीवरचं विसरली, मग रस्ता, मग आइनिसेचं नाव. बालेंदिन गेलेला आहे, हेही विसरली. घंटा मात्र विसरली नाही.

पाहुणे तिचे फोटो काढायचे. काळे कपडे, काखेत बोचकं, डोळे समुद्राकडे. शेशिली हात आडवा धरून म्हणायची, "कृपा करा, नको." ते हसून माफी मागायचे आणि दोन पावलं मागे जाऊन पुन्हा काढायचे. त्या वर्षीच्या मे महिन्यात नगरपालिकेचं नवं पत्रक आलं. पहिल्याच पानावर आमा. खाली लिहिलं होतं: 'वाट पाहणारं गाव.'

शेशिली ते पत्रक घेऊन नगराध्यक्षाकडे गेली. गाइस्का चाळिशीचा. लहानपणी आइनिसेबरोबर तिच्याच स्वयंपाकघरात बसून अभ्यास केलेला. त्याचा मामा 'इसार्ने'वर होता.

"मावशी, फोटोचं माझ्या ध्यानात नाही आलं, शपथ," तो म्हणाला. "पुढच्या छपाईत काढतो."

"फोटो राहू दे. घंटा बांध."

"म्हणजे?"

"दोरी काढ. वाजायची बंद कर. ती म्हातारी दिवसातून आठदा मेल्या पोराला आणायला जाते, गाइस्का. आठदा. संध्याकाळी तिच्या पायांना सूज येते आणि कशाने आली ते तिला कळत नाही."

गाइस्काने पत्रक घडी करून बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "मावशी, जुनी परंपरा आहे ती. मी कशी बंद करू? गावातली निम्मी घरं त्या पायऱ्यांवर जगतात."

"कसली परंपरा! ती मी बनवली. पाऊस होता, दार बंद होतं, माझी फजिती झाली म्हणून मी बोलून गेले."

तो उठला, कपाटातून एक पुस्तिका काढून त्याने तिच्यासमोर ठेवली. शहरातल्या कोणा अभ्यासकाने लिहिलेली. त्यात छापलं होतं की खलाशांच्या बायका तीनशे वर्षांपासून डाव्या हाताने, हृदयाच्या बाजूच्या हाताने, तीनदा घंटा वाजवत.

"याला कोणी सांगितलं हे?" शेशिलीने विचारलं.

गाइस्काने शेवटचं पान उघडलं. आभाराच्या यादीत तिचं नाव होतं. तो अभ्यासक एकदा तिच्या गटाबरोबर चढला होता, वहीत काहीतरी लिहीत. तिला आता आठवलं.

"तू हे आता लोकांना सांगितलंस तरी काय होणार, मावशी?" गाइस्का हळूच म्हणाला. "लोक इच्छा मागतात. त्यात वाईट काय आहे?"

ती घरी आली तर जिन्यात कोंची उभी. बातमी तिच्याआधी पोचली होती. "घंटा बंद करायला निघालीस म्हणे? अगं, तूच सुरू केलीस ना? तेव्हा बरी गोड लागली! माझ्या खोल्या रिकाम्या पडल्या तर तुझ्या दारात येऊन बसू का?" मग आवाज उतरवून म्हणाली, "तिला ठेव ना कुठेतरी. असतात जागा. आपल्या वयाला झेपतं का हे?"

शेशिलीने दोन गोष्टी करून बघितल्या. एके पहाटे ती जाळी सांधायची सुतळी घेऊन वर गेली आणि घंटेचा लोलक तिने बांधून टाकला, ओली झाली की आणखी घट्ट बसते तशी गाठ मारून. दहाच्या आत कोणीतरी खिशातल्या चाकूने ती कापली. दुसऱ्या आठवड्यात ती स्वतःच घंटेशेजारी उभी राहिली. आमापाशी आइनिसे बसली होती, ती दोन दिवसांसाठी व्हितोरियाहून आलेली. पाहुणे आले की शेशिली म्हणायची, "हे खोटं आहे. ही गोष्ट मी रचली. वाजवू नका, खाली एका माणसाला त्रास होतो." काहींना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. एका तरुण जोडप्याने तिच्याबरोबर फोटो काढला.

मग एक बाई आली, एकटी, चाळिशीची, केस विंचरलेले नव्हते. शेशिलीचं बोलणं तिने पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असं नका ना बोलू."

"बाई, पण खरंच—"

"मी सारागोसाहून आलेय. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. डॉक्टरांनी हात टेकलेत. मला माहितीय हो घंटेने काही होत नसतं. पण तुम्ही असं तोंडावर नका ना बोलू."

शेशिली बाजूला झाली. बाईने डाव्या हाताने दोरी धरली. तीनदा. प्रत्येक टोल विरेपर्यंत ती थांबत होती. शेशिलीला तिथूनही मधल्या गल्लीचं तोंड दिसत होतं. पहिल्या टोलानंतर थोड्या वेळाने तिथून काळे कपडे बाहेर पडले, मागे आइनिसे धावत. शेशिली पायऱ्या उतरून आली आणि पुन्हा कधी वर गेली नाही.

जुलैत तिने दाराला कुलूप लावून पाहिलं. एक दिवस. आमाने दारावर मुठी मारल्या, मग डोकं मारलं. "माझा मुलगा बाहेर आहे आणि तू दार लावतेस? तुझाच ना नवरा तो? दगड आहेस तू, दगड!" तिने कपड्यांतच केलं आणि जमिनीवर बसून रडली. शेशिलीने कुलूप काढलं, तिला धुतलं, कपडे बदलले आणि धक्क्यावर नेलं. कुलूप तिने कचऱ्यात टाकलं.

ऑगस्टच्या सोळा तारखेला, गावच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, गालेर्ना आली. सकाळपासून दक्षिणेचा गरम वारा होता. धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती; लोक भाजलेल्या बांगडे-तारलींच्या बशा घेऊन मिळेल तिथे बसले होते. तीनच्या सुमाराला आभाळ वळलं. खाणावळींच्या छत्र्या उडाल्या, बशा उडाल्या, किंकाळ्या आणि हशा एकदमच उठला. वर अडकलेल्या पाहुण्यांनी भिऊन किंवा मजा म्हणून घंटा धरली आणि सोडलीच नाही.

शेशिली मागच्या खोलीत खिडकीशी झटत होती. वाऱ्याने तिचं दार आतल्या बाजूला आपटून काच फोडली होती. तिने हाताचं रक्त धुतलं, बाहेर येऊन बघितलं तर खुर्ची रिकामी.

आमा धक्क्यावर थांबली नव्हती. होड्या ओढायच्या शेवाळलेल्या उतारावरून ती थेट पाण्याकडे गेली होती. शंभर-दीडशे लोकांनी तिला जाताना बघितलं. पण रोज येऊन उभी राहणारी म्हातारी ती, पत्रकावरची. कोणाला उठावंसं वाटलं नाही. पाणी कमरेला लागलं तेव्हा एका खाणावळीच्या स्वयंपाक्याने उडी घेतली. शेशिली पोचली तेव्हा तो तिला ओढून वर आणत होता. बोचकं कुठे दिसत नव्हतं. तिचे ओठ निळे पडले होते, आणि ती ओरडत होती, "सोड मला, दिसतोय तो! दिसतोय!"

दुसऱ्या दिवशी ताप चढला, न्यूमोनिया झाला, आणि जवळच्या शहरातल्या रुग्णालयात तिला हलवलं. खोली पाचव्या मजल्यावर होती, खिडकी गाड्या लावायच्या मैदानावर उघडायची. तिथे कुठलीच घंटा नव्हती. शेशिलीला वाटलं, निदान एवढं तरी बरं झालं. पण आमा शांत होईना. ऑक्सिजनची नळी काढून टाकायची आणि एकच विचारायची.

"आले का?"

"झोपा, आमा."

"होड्या आल्या का? बालेंदिन आला का?"

पाच दिवस शेशिलीने टाळलं. सहाव्या दिवशी दुपारी, नर्सने आमाचे हात पलंगाला बांधायची गोष्ट काढली तेव्हा, शेशिली पलंगावर वाकली आणि म्हणाली, "आला, आमा. सगळे आले. बालेंदिन खाली मासे उतरवतोय."

आमाने डोळे मिटले. किती तरी दिवसांनी तिचा चेहरा सैल पडला. नर्स बांधायचे पट्टे परत घेऊन गेली. शेशिलीने बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला पाठ टेकली आणि तिला वाटलं, हे आधीच का नाही सुचलं आपल्याला? किती सोपं होतं.

ती आत आली तेव्हा आमा दाराकडे बघत होती.

"वर येतोय ना?"

"येईल आता."

"कपडे बदलले का त्याने?"

"हो."

संध्याकाळी तिने पुन्हा विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. आता ती ओरडत नव्हती, नळी काढत नव्हती. नुसती दाराकडे बघत होती. सगळं विसरणारी ती बाई ही एक गोष्ट मात्र विसरायला तयार नव्हती. दारात कोणाचं पाऊल वाजलं की मान उचलायची, डॉक्टर बघून पुन्हा टाकायची. आठव्या दिवशी तिने शेशिलीला जवळ बोलावलं आणि चोरून विचारावं तसं विचारलं, "माझ्यावर रागावलाय का गं?"

"नाही हो, आमा. कशाला रागावेल?"

"मग येत का नाही? आलाय ना तो? तू पाहिलास ना?"

आला नाही म्हणावं, तर म्हातारी पुन्हा त्या पाण्यात. आला म्हणावं, तर हे.

"काय केलं मी त्याला?" आमा म्हणाली. "हात दुखेस्तोवर वाजवली मी. मग सोडवले माझे हात त्यांनी. म्हणून रागावला असेल. सोडायला नको होती मी दोरी."

"आमा, ऐका माझं. आमा, तो आलेला नाही. तो सत्त्याऐंशीतच गेला. मी खोटं बोलले."

आमाने तिच्याकडे बघितलं. अनोळखी माणसाकडे बघतात तसं, थोडं आदबीने. मग पुन्हा दाराकडे मान वळवली. "त्याला म्हणावं, एकदा येऊन जा," ती म्हणाली.

नवव्या दिवशी सकाळी ती गेली. शेवटचे काही तास ती बोलली नाही, पण डोळे दाराकडेच होते. नर्सने दोनदा मिटले आणि दोनदा ते थोडे उघडे राहिले.

अंत्यविधीला सगळं गाव आलं. गाइस्काने नगरपालिकेतर्फे फुलांचं चक्र आणलं, शेशिलीचे दोन्ही हात धरले आणि त्याला खरोखर रडू आलं. पत्रक बदललं होतं. आता त्यावर बंदराचं चित्र होतं. त्या दिवशी सकाळी तीन तास घंटेची दोरी गुंडाळून ठेवली होती, मृताच्या मानासाठी, असंही तो म्हणाला. कोंचीने रस्सा करून आणला. सगळे एकच म्हणत होते: सुटली बिचारी. तूही सुटलीस.

आइनिसे सामान आवरायला चार दिवस राहिली. "चल माझ्याकडे, आई. इथे काय ठेवलंय आता?"

"येईन."

"कधी? तू नुसतं येईन म्हणतेस."

शेशिली खोकं बांधत राहिली. रुग्णालयात काय झालं हे तिने मुलीला सांगितलं नव्हतं. पाद्रीबाबा भेटायला आले तेव्हा त्यांनाही नाही. मन मोकळं करायचंय का, त्यांनी विचारलं होतं. सांगितलं असतं तर त्यांनी समजूत घातली असती, तुझा हेतू चांगला होता असं म्हटलं असतं. ते वाक्य कोणाच्या तोंडून ऐकायची तिची तयारी नव्हती.

आइनिसे गेल्यावर जिना चढायचं, उतरायचं कारण उरलं नाही. शेशिली घरातच बसू लागली. सप्टेंबर सरला, बसगाड्या कमी झाल्या. एकदा कोंचीने दार वाजवलं. पाहुणे निघून गेले होते, दोन खोल्यांच्या चादरी काढायच्या होत्या आणि तिची कंबर धरली होती. "येतेस का हातभार लावायला? बसून बसून वेड लागेल तुला."

शेशिली गेली. दोघींनी चादरीची टोकं धरली, झटकली, दुमडली. कोंची बडबडत होती: पाहुण्यांनी टॉवेलाने बूट पुसले, इतकी घाण करतात, पुढच्या वर्षी हे, पुढच्या वर्षी ते. मध्येच थांबून तिने विचारलं, "शेवटी काही बोलली का गं आमा?"

"नाही," शेशिली म्हणाली. "शांत गेली."

"बरं झालं बाई," कोंची म्हणाली आणि तिने दुसरी चादर उचलली.